जनरल मोटर्स: इतिहास, पत आणि तळेगावचा कारखाना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळेगाव एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यावर आता ह्युंदाईची पाटी आहे, तिथे २००८ ते २०२० या काळात जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होत होत्या. एवढी मोठी अमेरिकन कंपनी इथून गाशा गुंडाळून का गेली, हा प्रश्न अजूनही निघतो. तो निघाला की मागोमाग संप, दिवाळखोरी, ट्राम, हिटलर असं सगळंच निघतं. नेहमी कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते झाकून ठेवलेलं नाही.

जनरल मोटर्स आणि शेव्हरोले एकच का?

नाही. जनरल मोटर्स (यापुढे जीएम) ही मालक कंपनी आणि शेव्हरोले हा तिचा एक ब्रँड. अमेरिकेत आज तिच्याकडे चार ब्रँड उरले आहेत: शेव्हरोले, ब्यूक, जीएमसी आणि कॅडिलॅक. ओल्ड्समोबील, पाँटियाक आणि सॅटर्न बंद झाले. ओपेल, व्हॉक्सहॉल आणि साब ही युरोपातली नावंही एकेकाळी याच घरातली होती.

उच्चाराबद्दल: लुई शेव्हरोले हा मूळचा स्वित्झर्लंडचा, फ्रेंच बोलणारा रेसिंग ड्रायव्हर, म्हणून शेवटचा 'ट' मुका. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी मात्र 'शेवरलेट'च बसलं होतं, आणि त्यात बिघडलं काहीच नाही.

ही कंपनी काढली कोणी?

घोडागाड्या विकणाऱ्या एका माणसाने. विल्यम ड्युरंटचा मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावात घोडागाड्यांचा मोठा धंदा होता. १९०४ मध्ये त्याने डबघाईला आलेली ब्यूक कंपनी हातात घेतली. ती सुरू करणारा डेव्हिड ब्यूक हा मुळात नळकामातला माणूस. लोखंडी बाथटबवर इनॅमल चढवण्याची पद्धत त्याने शोधून काढली होती. त्याच्या नावाच्या लाखो गाड्या पुढे रस्त्यावर आल्या, पण तो स्वतः १९२९ मध्ये गरिबीत वारला.

१६ सप्टेंबर १९०८ रोजी ड्युरंटने जनरल मोटर्स स्थापन केली. ही कंपनी स्वतः गाडी बनवत नव्हती, गाड्या बनवणाऱ्या कंपन्या विकत घेत होती. ब्यूकमागोमाग ओल्ड्समोबील, मग कॅडिलॅक, मग ओकलंड (हीच पुढची पाँटियाक). शिवाय सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने. ड्युरंट रोख पैसे शक्यतो देत नसे, शेअर देत असे. १९०९ मध्ये तो हेन्री फोर्डचीही कंपनी घ्यायला निघाला. फोर्डने ८० लाख डॉलर मागितले आणि तेही रोख. बँकांनी ड्युरंटला तेवढं कर्ज दिलं नाही. मोटारीच्या इतिहासात बँकेच्या एका नकाराने एवढा फरक दुसऱ्या कुठे पडला असेल असं मला वाटत नाही.

सपाटून खरेदी केल्यावर व्हायचं तेच झालं. १९१० मध्ये कर्ज डोक्यावरून गेलं आणि बँकांनी ड्युरंटला बाजूला केलं. गडी स्वस्थ बसला नाही. १९११ मध्ये लुई शेव्हरोलेला हाताशी धरून त्याने नवी कंपनी काढली, तिच्या नफ्याच्या जोरावर गुपचूप जीएमचे शेअर गोळा केले आणि १९१६ मध्ये पुन्हा मालकाच्या खुर्चीत येऊन बसला. १९२० च्या मंदीत पुन्हा बाहेर, आणि या वेळी कायमचा. १९३६ मध्ये त्याचं वैयक्तिक दिवाळं निघालं. उतारवयात तो फ्लिंटमध्येच एक बोलिंगचा अड्डा चालवत होता. १९४७ मध्ये वारला.

मग फोर्डला मागे टाकलं कोणी?

आल्फ्रेड स्लोनने. हा इंजिनिअर, पण त्याचं डोकं हिशेबाचं. १९२३ मध्ये तो जीएमचा अध्यक्ष झाला, तेव्हा कंपनी म्हणजे एकमेकांचंच गिऱ्हाईक पळवणाऱ्या सात-आठ भावंडांचं एकत्र कुटुंब होतं. स्लोनने वाटण्या केल्या, पण तिजोरीची किल्ली स्वतःकडे ठेवली. प्रत्येक विभागाने आपली गाडी आपल्या अकलेने बनवायची. किती पैसे लागले, किती मिळाले याचा हिशेब मात्र मुख्य कचेरीला द्यायचा.

त्याबरोबर किमतीची एक शिडी उभी राहिली. सर्वांत खाली शेव्हरोले, वर पाँटियाक, मग ओल्ड्समोबील, ब्यूक आणि माथ्यावर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढायची, पण घर सोडायचं नाही. गाडी हप्त्यावर मिळावी म्हणून कंपनीने १९१९ मध्येच स्वतःची वित्तसंस्था काढली होती. फोर्डला उधारीचा तिटकारा होता. फोर्डची मॉडेल टी वर्षानुवर्षं बहुतेक काळ्याच रंगात येत राहिली, तर जीएमने रंग आणले आणि दरवर्षी गाडीचा चेहरा थोडा बदलायची पद्धत पाडली. १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली केवळ गाडीचं रूप ठरवणारा वेगळा विभाग काढला. त्याच वर्षी मॉडेल टी बंद झाली. १९३१ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ७७ वर्षं, जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी जीएमच होती.

माझ्या मते जीएमने बनवलेली सर्वांत यशस्वी वस्तू गाडी नसून तिची ही कारभाराची घडी होती. जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. पण घडी बसवणाऱ्याला गाड्याही कळत होत्या. पुढे खुर्चीत आलेल्यांपैकी अनेकांना फक्त हिशेब कळत होता. खालच्या निम्म्या उत्तरांचं मूळ इथे आहे.

(जाता जाता: न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कर्करोग रुग्णालयाच्या नावातले 'स्लोन' आणि 'केटरिंग' हे दोघेही जीएमचे. चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकसाठी विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२ पासून हँडल मारून हात मोडून घेण्याची पाळी हळूहळू संपली.)

जीएमचा कारखाना मुंबईत होता हे खरं का?

खरं आहे. १९२८ मध्ये शिवडीला जीएमने गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग जहाजाने यायचे, इथे जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने भूमिका घेतली की नुसत्या जोडणीवर भागणार नाही, भाग इथेच बनवा. तेवढा पैसा ओतायची तयारी नव्हती, म्हणून १९५४ मध्ये कंपनी निघून गेली. म्हणजे २०१७ मध्ये इथली विक्री बंद करून जाणं हे दुसरं जाणं.

एसटीशीही नातं आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्ड बनावटीची होती, आणि बेडफर्ड हा जीएमच्या ब्रिटिश शाखेचा ब्रँड. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोलेही होत्या. १९८४ मध्ये आलेली हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा, जिच्यातून आपल्याकडचे साहेब आणि पुढारी हिंडले, तीही मुळात व्हॉक्सहॉलचीच गाडी.

फ्लिंटचा संप एवढा गाजला कशामुळे?

कारण कामगार कारखान्याबाहेर गेलेच नाहीत. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटमधल्या जीएमच्या फिशर बॉडी कारखान्यात त्यांनी यंत्रं बंद केली आणि आतच ठाण मांडलं. बाहेर उभं राहून घोषणा दिल्या असत्या तर कंपनीने बदली माणसं आत घेतली असती. आतच बसल्यावर बदली माणूस आणणार कुठून, आणि कंपनीच्याच महागड्या साच्यांवर पोलिसांना लाठ्या चालवायला सांगणार कोण?

कोर्टाने कारखाना रिकामा करण्याचा हुकूम दिला. मग उघडकीला आलं की हुकूम देणाऱ्या न्यायाधीशांकडेच जीएमचे शेअर होते. हुकमाची पत तिथेच संपली. ११ जानेवारी १९३७ रोजी पोलिसांनी अश्रुधूर सोडला. थंडी हाडं गोठवणारी. आतून पाण्याचे फवारे आणि दारांच्या लोखंडी बिजागऱ्यांचा मारा सुरू झाला, आणि पोलीस पळाले. गव्हर्नर फ्रँक मर्फीने सैनिक बोलावले, पण कामगारांना हुसकावण्यासाठी ते वापरायला नकार दिला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कामगारांनी चकवा देऊन शेव्हरोलेचा इंजिन कारखानाही ताब्यात घेतला, तेव्हा कंपनीच्या नाकातोंडात पाणी गेलं.

४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, करार झाला. कागद फक्त एक पान. त्यात जीएमने यूएडब्ल्यू या युनियनला मान्यता दिली. वर्षभरात या युनियनची सभासदसंख्या लाखांच्या घरात गेली. अमेरिकेतल्या कारखान्यातल्या कामगाराला पुढची तीस-चाळीस वर्षं घर, गाडी आणि पेन्शन मिळालं, त्यामागे हे ४४ दिवस आहेत.

'जीएमचं भलं तेच देशाचं भलं' असं कंपनीचा प्रमुख म्हणाला होता ना?

अगदी तसं नाही. चार्ल्स विल्सन हे जीएमचे प्रमुख १९५३ मध्ये संरक्षणमंत्री होणार होते. देशहित आणि कंपनीहित आडवं आलं तर काय कराल, असं सेनेटच्या समितीने विचारलं. त्यावर ते म्हणाले, देशाच्या भल्याचं ते जीएमच्या भल्याचं आणि उलटही, असं आपण वर्षानुवर्षं मानत आलो. लोकांनी फक्त 'उलटही' तेवढं लक्षात ठेवलं. पण चुकीचं उद्धरण सत्तर वर्षं टिकतं, तेव्हा लोकांच्या मनातलंच काहीतरी त्यात उतरलेलं असतं. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर निव्वळ नफा कमावणारी जीएम ही पहिली अमेरिकन कंपनी ठरली.

अमेरिकेतल्या ट्राम जीएमनेच बंद पाडल्या का?

अर्धं खरं. नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या कंपनीने अनेक शहरांतल्या ट्राम कंपन्या विकत घेतल्या आणि तिथे बस आणल्या. तिच्यात जीएम, एक टायर कंपनी आणि काही तेल कंपन्यांचा पैसा होता. १९४९ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने जीएमला दोषी धरलं, पण आरोप ट्राम मारल्याचा नव्हता; या शहरांना बस आणि सामान आपल्याकडूनच घ्यायला लावण्याचा कट केला, असा होता. दंड किती? कंपनीला ५,००० डॉलर, आणि तिच्या खजिनदाराला एक डॉलर.

ट्राम त्याआधीच तोट्यात होत्या. लोक मोटारी घेत होते आणि शहरं भाडं वाढवू देत नव्हती. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तिच्यामागे कुठलीही जीएम नव्हती.

पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पना कोणाची?

जीएमची. माझ्या दृष्टीने कंपनीच्या नावावरचा हा सर्वांत मोठा डाग, आणि नेमका याचाच प्रश्न कमी लोक विचारतात.

त्या काळी इंजिन ठोकायचं, म्हणजे आत पेट्रोल भलत्या वेळी पेटून खटखट आवाज यायचा. केटरिंगच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यावर औषध शोधत होता. डिसेंबर १९२१ मध्ये त्याला सापडलं की शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की ठोकणं थांबतं. अल्कोहोल मिसळूनही ते थांबतं हे माहीत होतं, पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतं. त्यावर पेटंट कसलं घेणार? १९२४ मध्ये जीएमने स्टँडर्ड ऑइलबरोबर एथिल नावाची कंपनी काढली. नावात शिशाचा उल्लेखही नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतलं आणि काही धोका नसल्याचं दाखवलं. त्याला स्वतःला त्याआधीच शिसं बाधून सुट्टी घ्यावी लागली होती.

पुढची पन्नास वर्षं जगभरच्या शहरांतली मुलं ते श्वासातून घेत राहिली. १९७५ च्या मॉडेलपासून जीएमने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला आणि तो शिशाने खराब होतो म्हणून अमेरिकेत बिनशिशाचं पेट्रोल आलं. आणलं कोणी आणि घालवलं कोणी, दोन्ही ठिकाणी नाव एकच. भारतात शिसं गेलं २००० साली.

जीएमने हिटलरला ट्रक पुरवले का?

जर्मनीतली ओपेल कंपनी १९३१ पासून पूर्णपणे जीएमच्या मालकीची होती आणि तिचा ब्लिट्झ ट्रक जर्मन सैन्याचा कणा होता. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेतल्या कचेरीचा ताबा सुटला, असं कंपनीचं म्हणणं. ताबा सुटण्याआधी, १९३० च्या दशकात, ब्लिट्झसाठी ब्रँडनबुर्गला नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा गिऱ्हाईक कोण हे मालकाला ठाऊक नव्हतं असं म्हणणं अवघड आहे. त्याच युद्धात अमेरिकेतल्या जीएमने दोस्तांसाठी सुमारे १२ अब्ज डॉलरचं युद्धसाहित्य बनवलं.

कॉर्वेअर खरंच तेवढी धोकादायक होती का?

१९६० ची कॉर्वेअर म्हणजे मागे इंजिन असलेली लहान गाडी. मागच्या चाकांच्या रचनेमुळे जोरात वळताना मागची बाजू एकदम सुटायची. पुढे एक दांडी बसवली असती तर बरंच आवरलं असतं. खर्च वाचवायला ती वगळली गेली. त्याऐवजी पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये वेगवेगळी हवा ठेवा, असं सांगितलं. पंपावर हवा भरणारा पोऱ्या ते लक्षात ठेवणार, ही अपेक्षा.

१९६५ मध्ये राल्फ नाडर या तरुण वकिलाने आपल्या पुस्तकात हे मांडलं. कंपनीने उत्तर द्यायचं सोडून त्याच्यामागे खासगी हेर लावले, त्याच्या चारित्र्यात काही सापडतं का ते पाहायला. मार्च १९६६ मध्ये जीएमच्या अध्यक्षांना सेनेटपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. खासगी आयुष्यात ढवळाढवळ केल्याबद्दल नाडरला ४,२५,००० डॉलर मिळाले, आणि ते त्याने ग्राहक चळवळीत घातले.

गंमत अशी की १९७२ मध्ये सरकारी तपासणीत निष्कर्ष निघाला की कॉर्वेअर त्या काळच्या तशाच गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. गाडीवरचा आरोप बराचसा सैल झाला. हेर लावल्याचा मात्र चिकटला तो चिकटलाच.

घसरण सुरू कधी झाली?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी एक जीएमची होती. सरकार एकाधिकाराच्या कायद्याखाली कंपनीचे तुकडे करील, ही कंपनीला खरी भीती होती. एवढ्या उंचीवर असताना पाय कुठे घसरतोय ते कळत नाही.

पहिला घाव स्लोनच्या किमतीच्या शिडीवर बसला, आणि तो कंपनीनेच घातला. खर्च वाचवायला सगळ्या ब्रँडखाली एकच सांगाडा आणि एकच इंजिन जाऊ लागलं. १९७७ मध्ये ओल्ड्समोबील घेणाऱ्यांना बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन सापडलं आणि खटले झाले. १९८२ मध्ये शेव्हरोले कॅव्हेलियरलाच कातड्याच्या सीट आणि नवं नाव देऊन 'कॅडिलॅक सिमॅरॉन' म्हणून विकलं. गिऱ्हाईक खुळं नव्हतं. स्लोनने बांधलेल्या पायऱ्या अशा सपाट झाल्या.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर जपानी गाड्या आल्या: लहान, कमी पेट्रोल पिणाऱ्या आणि मुख्य म्हणजे बंद न पडणाऱ्या. रॉजर स्मिथ या प्रमुखाला वाटलं, उत्तर यंत्रमानवात आहे. अब्जावधी डॉलर ओतले गेले.

उत्तर वेगळंच होतं, आणि ते जीएमच्याच अंगणात सापडलं. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना दारू, दांड्या आणि भांडणं यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये तोच कारखाना, बहुतांश तेच कामगार, तीच युनियन घेऊन जीएम आणि टोयोटाने भागीदारीत पुन्हा उघडला. टोयोटाने एक दोरी दिली: काही चुकतंय असं वाटलं तर ती ओढा, सगळी लाइन थांबेल, कोणी ओरडणार नाही. जीएममध्ये तोवर लाइन थांबवणं हे पाप होतं. चुकलेली गाडी पुढे ढकलायची आणि शेवटी दुरुस्त करायची. थोड्याच काळात फ्रीमाँटच्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या जवळ गेला. जीएमचे अधिकारी येऊन बघून गेले, पण स्वतःच्या इतर कारखान्यांत हे रुजवायला त्यांना वर्षानुवर्षं लागली. तो कारखाना आज टेस्लाकडे आहे.

विजेची गाडी जीएमनेच आधी बनवून नष्ट केली का?

हो. ईव्ही१ ही १९९६ पासून १,११७ च्या आसपास बनली. विकली नाही, फक्त भाड्याने दिली. मुदत संपल्यावर परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. लोक विकत घ्यायला चेक घेऊन उभे होते. सुटे भाग आणि जबाबदारीचं कारण कंपनीने दिलं. हिशेबाला धरून असेल, पण चिरडलेल्या गाड्यांचे फोटो हिशेबात कुठल्या रकान्यात घालणार?

२००९ मध्ये कंपनी बुडाली होती का?

कायद्याने, हो. १ जून २००९ रोजी जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर, देणी सुमारे १७३ अब्ज.

कारणं बऱ्याच वर्षांची. निवृत्त कामगारांचं पेन्शन आणि औषधपाणी हे ओझं होतं. ते बोलणी करून कंपनीनेच कबूल केलं होतं, म्हणून सगळा दोष युनियनवर ढकलणं मला पटत नाही. नफा मोठ्या पिकअप आणि एसयूव्हींवर अवलंबून होता. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल भडकलं आणि शरद ऋतूत बँका कोसळल्या. हप्त्यावर विकणाऱ्या धंद्यात कर्जच मिळेनासं झालं. त्या नोव्हेंबरात कंपनीचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते खासगी विमानाने. त्यावर देशभर जो गदारोळ उठला, तो अजून लोकांच्या लक्षात आहे.

सरकारने एकूण सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले आणि जवळपास ६१ टक्के मालकी घेतली. १० जुलैला नवी कंपनी बाहेर आली. जुन्या देण्यांचा गाळ जुन्या कंपनीत राहिला. पाँटियाक, सॅटर्न, हमर संपले. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने शेवटचे शेअर विकले तेव्हा सुमारे ११ अब्ज डॉलरचा तोटा झाला होता.

इग्निशन स्विचचं प्रकरण काय होतं?

किल्ली फिरवतो ते कुलूप. शेव्हरोले कोबाल्टसारख्या काही लहान गाड्यांत ते इतकं सैल होतं की जड जुडगा लोंबत असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली चालत्या गाडीत मागे फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅगचा पुरवठाही तुटलेला. म्हणजे अपघाताच्या क्षणी, जेव्हा ती हवी, तेव्हाच ती उघडायची नाही.

कंपनीतल्या इंजिनिअरांना हे २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. २००५ मध्ये डीलरना सूचना गेली की ग्राहकांना जुडग्यातलं वजन कमी करायला सांगा. २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का पडतो, हे तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षं उमगेना. अखेर एका मृत तरुणीच्या आई-वडिलांच्या वकिलाने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा बिंग फुटलं.

फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरवर तडजोड केली. मेरी बारा यांनी जानेवारी २०१४ मध्येच सूत्रं हाती घेतली होती. मोठ्या मोटार कंपनीच्या त्या पहिल्या महिला प्रमुख.

कंपनीनेच नेमलेल्या चौकशीच्या अहवालात एक शब्द आला: 'जीएमची मान'. बैठकीत सगळे मान डोलावतात, ठराव होतो आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग भारतातून कंपनी का गेली?

दुसऱ्या खेपेला जीएम १९९४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सच्या भागीदारीत आली. गुजरातमधल्या हालोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा बनू लागली. नंतर कोर्सा, आणि २००३ पासून ओपेल हळूहळू मागे पडून शेव्हरोले. म्हणजे भारतीय ग्राहकाला आठ-दहा वर्षांत दोन ब्रँड पाठ करावे लागले. त्यातून ऑप्ट्रा, स्पार्क, क्रूझ, बीट आल्या. गाड्या वाईट नव्हत्या. बीट आणि स्पार्कचा मूळ घाट कोरियातल्या देवूचा होता आणि तो दणकट होता. पण छोटी गाडी घेणारा माणूस पाच वर्षांनी विकताना काय मिळेल याचा विचार आधी करतो, आणि तिथे मारुतीपुढे टिकणं अवघड गेलं.

एकच गाडी खरी रुजली: २००४ ची तवेरा. शिर्डी, अक्कलकोट, गणपतीपुळे कुठेही जा, यात्रेकरूंना घेऊन पळणाऱ्या पांढऱ्या तवेरा दिसायच्याच. आणि घात झाला तोही तिच्यातच. जुलै २०१३ मध्ये कंपनीने १.१४ लाख तवेरा परत बोलावल्या. सरकारी तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत आपल्याच लोकांनी निवडून काढलेली, कमी धूर सोडणारी इंजिनं बसवली होती, हे कंपनीने स्वतःच सरकारला कळवलं. काही अधिकाऱ्यांना काढलं. त्यांत अमेरिकेतले वरिष्ठही होते. फोक्सवॅगनचं प्रकरण याच्या दोन वर्षं नंतरचं.

२०१५ मध्ये मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. मे २०१७ मध्ये घोषणा झाली ती इथली विक्री बंद करण्याची. बाजारातला वाटा तोवर एक टक्क्याच्याही खाली होता. त्याच वर्षी कंपनीने युरोपातली ओपेलही विकली. जिथे पैसा सुटत नाही तिथून निघायचं, असं धोरणच ठरलं होतं. हालोल चिनी मालकीच्या एमजीकडे गेलं. तळेगावातून मेक्सिकोला बीट जात राहिली आणि डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबली.

त्यानंतरची तीन वर्षं तळेगावच्या कामगारांची होरपळ झाली. चीनची ग्रेट वॉल कंपनी कारखाना घेणार होती, पण सीमेवरच्या तणावानंतर चिनी गुंतवणुकीला परवानगी मिळेना आणि २०२२ मध्ये तो व्यवहार फिसकटला. हजाराहून जास्त कामगारांनी कारखाना बंद करण्याविरुद्ध लढा दिला. प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. फ्लिंटचे ४४ दिवस जगाला ठाऊक आहेत. तळेगावचे लोक त्याहून कितीतरी लांब बसले.

आज कंपनीची पत काय आहे?

अमेरिकेत ठीक आहे. २०२१ मध्ये टोयोटाने तिथला पहिला नंबर घेतला होता, तो जीएमने २०२२ मध्ये परत मिळवला. पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही अजून पैसा देतात. चीनमध्ये १९९७ पासून शांघायच्या भागीदारासह ब्यूकचा चांगला जम बसला होता, पण स्थानिक विजेच्या गाड्यांपुढे तो ढासळला. विनाचालक टॅक्सीचा 'क्रूझ' हा प्रकल्प एका पादचारी महिलेच्या अपघातानंतर गुंडाळला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चालकांची माहिती परस्पर विकल्याबद्दल कंपनीवर कारवाई केली: तुम्ही ब्रेक किती जोरात मारता हे गाडी नोंदवत होती आणि ते विमा कंपन्यांपर्यंत पोचत होतं. साठ वर्षांपूर्वी हेर माणसाच्या मागे लावावे लागत. आता ते डॅशबोर्डमध्येच बसवून मिळतात.

जुनी बीट, क्रूझ किंवा तवेरा घ्यावी का?

किंमत खूपच कमी असेल आणि ओळखीचा मेकॅनिक असेल तरच. विक्री बंद करताना कंपनीने सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवण्याचं आश्वासन दिलं होतं. तरी व्यवहाराआधी तुमच्या गावात ते काम कोण करतं हे स्वतः जाऊन पाहा. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लचप्लेट यांची अडचण सहसा येत नाही. अडतं ते हेडलाइट, बंपर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्यापाशी. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला इथे चौकशी करून भावाचा अंदाज घ्या, मग सौदा ठरवा.

तवेराची गोष्ट थोडी वेगळी. ती मुळात इसुझूची गाडी, इंजिन साधं, आणि टुरिस्ट गाड्या सांभाळणाऱ्या मेकॅनिकांना ती अंगवळणी पडलेली आहे. घेताना २०१३ च्या रिकॉलचं काम झालं होतं का ते कागदावर बघा. आणि पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर यांचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करा.